माहितीपर उताऱ्याची बांधणी ओळखणे : पाचवीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१ जुलै

वर्ग पाचवीचा, पट २८. जिल्हा परिषदेची शाळा, सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ४० मिनिटांची एक तासिका, ऑगस्टअखेरपर्यंत. चार-चार मुलांचे सात गट. प्रत्येक गटात किमान एक मूल अडखळत वाचणारे आणि एक सलग वाचणारे.

मुले गोष्ट ऐकून नीट सांगतात. परिसर अभ्यासाचा पाठ वाचून झाल्यावर ‘काय वाचलंस?’ विचारले, की उताऱ्यातले शेवटचे वाक्य तरी सांगतात नाहीतर सगळ्यात मोठा आकडा. गोष्टीत पात्र आणि घटना धरून पुढे जाता येते. माहितीच्या उताऱ्यात धरायचे काय, ते मुलांना कोणी दाखवलेले नसते. लेखकाने माहिती कशी लावली आहे, म्हणजे उताऱ्याची बांधणी, हीच तिथली पकड.

पाच बांधण्या घ्यायच्या : वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, अडचण-उपाय. मुलांसमोर ही नावे पहिल्या दिवशी आणायची नाहीत. नाव पाठ होते आणि ओळख राहून जाते.

४ जुलै

सुरुवातीची चाचणी. पाच उतारे, प्रत्येक ८० ते १०० शब्दांचा, प्रत्येकात एकच बांधणी. उताऱ्याखाली दोन कामे : पुस्तक मिटून चार ओळींत सांगणे, आणि ‘लेखकाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे?’ हे एका ओळीत लिहिणे.

दुसऱ्या कामात जवळजवळ सर्वांनी विषय लिहिला : ‘साप’, ‘पाऊस’, ‘गूळ’. विषय आणि प्रश्न यांतला फरकच अजून कळलेला नाही. चार ओळींत बहुतेकांनी पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवली. या वह्या जपून ठेवल्या, शेवटी याच उताऱ्यांच्या धर्तीवरचे नवे उतारे द्यायचे आहेत.

८ जुलै

क्रमापासून सुरुवात, कारण त्याची चूक डोळ्यांना दिसते. उतारा गुऱ्हाळाचा, आठ वाक्यांचा : चरकातून रस काढणे, गाळून काहिलीत ओतणे, चुलवाण पेटवणे, भेंडीचे पाणी घालणे, वर आलेली मळी काढणे, रस आटवून थेंब गार पाण्यात टाकून पाहणे, काहील उतरवून वाफ्यात ओतणे, घोटून साच्यात भरणे. प्रत्येक वाक्याची एक पट्टी, कार्डशीटवर २४ पॉइंटच्या अक्षरात, ३ सेंटीमीटर रुंद. सात संच, एकूण ५६ पट्ट्या. काम एवढेच : पट्ट्या लावा.

दोन गोष्टी बिघडल्या. पट्ट्या कात्रीने कापल्या होत्या, त्यामुळे वरच्या पट्टीचा तिरका कट खालच्या पट्टीच्या तिरक्या कटाला जुळत होता. दोन गटांनी अक्षरे न वाचताच चित्रकोड्यासारख्या पट्ट्या जुळवल्या. पुढच्या वेळी मोजपट्टी लावून कटरने कापायच्या आणि सातही संचांच्या पट्ट्या एकमेकांत मिसळून मग वाटायच्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांच्या घराजवळ गुऱ्हाळ आहे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला क्रम लावला. उत्तर बरोबर आले, पण ते वाचनातून आलेले नाही. शिकवायला ओळखीचा विषय चांगला असतो, कारण मूल आशयात अडकत नाही. तपासायला मात्र अनोळखी विषयच हवा.

११ जुलै

म्हणून रेशीमकिड्याचा उतारा. आपल्या भागात रेशीम फारसे नाही, मुलांना माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. अंडे, अळी, चार वेळा कात टाकणे, तुतीचा पाला खाणे थांबवणे, तोंडातून धागा काढत स्वतःभोवती कोष विणणे, कोष गरम पाण्यात टाकून धागा सोडवणे. पट्ट्या मिसळलेल्या, कट सरळ.

आता गट खरोखर वाचू लागले. ‘चौथ्यांदा कात टाकल्यावर’ हा तुकडा ज्या पट्टीवर होता ती कुठे ठेवायची यावर वाद झाले, आणि ते वाद वाक्याच्या आधारावर झाले. वाद झाला की शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही, ‘कोणत्या शब्दावरून?’ एवढेच विचारायचे. मूल त्या शब्दावर बोट ठेवते. बोट ठेवता आले नाही, तर तो अंदाज.

मग उलटी कसोटी. शेकरूच्या वर्णनाच्या सहा पट्ट्या दिल्या : महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरचे जंगल, लांब झुपकेदार शेपटी, झाडावरचे घरटे, फळे आणि बिया, जमिनीवर क्वचित उतरणे. सात गटांनी वेगवेगळे क्रम लावले आणि बहुतेक क्रम चालून गेले. ‘गुळाच्या पट्ट्या अशा हलवता आल्या असत्या का?’ या एका प्रश्नात वर्णन आणि क्रम वेगळे झाले. पट्टी हलवून पाहणे ही आमची पहिली कसोटी. वर्गाने तिला ‘हलवणी’ नाव दिले, तेच ठेवले.

१५ जुलै

वर्णन हा प्रकार भंगाराची पेटी होतो. जे कशातच बसत नाही ते मुले वर्णनात टाकतात. त्यावर उपाय : वर्णन म्हणायचे असेल, तर पोटमुद्दे काढून दाखवायचे. पानाच्या मध्यभागी विषयाचे नाव, भोवती तीन-चार फांद्या, प्रत्येक फांदीवर पोटमुद्दा (रूप, राहणे, खाणे) आणि खाली उताऱ्यातले शब्द. फांद्या निघत नसतील, तर उतारा वर्णनाचा नसावा, पुन्हा वाचा.

१८ जुलै

खूणशब्दांची तासिका. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

बांधणी शिकवण्याची इंग्रजीतली पद्धत खूणशब्दांच्या यादीवर चालते : हा शब्द दिसला की ही बांधणी. त्या याद्यांचे भाषांतर करून वर्गात लावलेले तक्ते सगळीकडे दिसतात. मराठीत ते चालत नाही, त्याची कारणे भाषेच्या घडणीत आहेत.

एक तर मराठीत पुष्कळ खुणा सुट्या शब्दांत नसतात, शब्दाच्या शेपटीला असतात. ‘पावसामुळे रस्ता खचला’, ‘वारा अडल्याने ढग थांबतात’, ‘रस उकळून घट्ट होतो’. ‘-मुळे’, ‘-ल्याने’, ‘-ून’ यांना तक्त्यात जागाच नसते. तुलनेतल्या ‘-पेक्षा’ आणि ‘-सारखा’ यांचेही तेच. ‘त्यामुळे’ शोधणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोरून ‘पावसामुळे’ निघून जाते. त्यातही ‘-ून’ दुहेरी आहे : ‘हात धुऊन जेवला’ इथे फक्त क्रम, ‘भिजून आजारी पडला’ इथे कारण.

दुसरे, सुटे शब्द अनेक कामे करतात. आज प्रत्येक गटाला ‘तर’ची तीन वाक्ये दिली : ‘पाऊस आला तर खेळ बंद.’ ‘कोकणात भात पिकतो, तर देशावर ज्वारी.’ ‘मी तर गेलोच नाही.’ पहिल्यात अट, दुसऱ्यात तुलना, तिसऱ्यात नुसता जोर. ‘पण’ तसाच : ‘तो आला पण बोलला नाही’ आणि ‘तो पण आला’. ‘मात्र’ लेखी भाषेत ‘परंतु’ही असतो आणि ‘फक्त’ही. ‘म्हणून’ कारणाकडे बोट दाखवतो, पण ‘राज्यप्राणी म्हणून ओळखला जातो’ यात कारण कुठेच नाही.

तिसरे, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांची दिशा उलटी आहे. ‘विहीर आटली, कारण पाऊस पडला नाही’ इथे परिणाम आधी. ‘पाऊस पडला नाही, म्हणून विहीर आटली’ इथे कारण आधी. मुले बाण नेहमी डावीकडून उजवीकडेच काढतात. पहिल्या वाक्यात बहुतेक सगळ्यांचे बाण उलटे पडले.

काय केले : भिंतीवरचा खूणशब्दांचा तक्ता काढून टाकला. त्याजागी पाच प्रश्न लावले.

हे कसं आहे?
आधी काय, मग काय?
काय सारखं, काय वेगळं?
असं का होतं?
अडचण कोणती, आणि कोणी काय केलं?

उतारा वाचून झाल्यावर यातला कोणता प्रश्न विचारला तर जास्तीत जास्त वाक्ये उत्तरात येतील, ते ठरवायचे. खूणशब्द त्यानंतर, पुरावा म्हणून. आधी प्रश्न आणि मग खूण, हा क्रम इथून पुढे मोडायचा नाही.

२२ जुलै

प्रश्नांची ओळख पक्की करायला छोटे सराव. ४० ते ५० शब्दांचे दहा उतारे, प्रत्येकी दोन मिनिटे. मुले बोटांनी प्रश्नाचा क्रमांक दाखवतात. सगळ्यांनी एकाच वेळी दाखवायचे, नाहीतर पुढच्या बाकाकडे बघून बोटे बदलतात. ‘एक, दोन, दाखवा’ म्हटल्याशिवाय हात वर नको.

२५ जुलै

तुलना. नागपंचमी मंगळवारी आहे, आणि पावसाळ्यात साप घरात शिरतात, म्हणून उतारा मण्यार आणि कवड्या यांचा. दोघे दिसायला सारखे, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे, दोघे रात्री फिरतात, दोघे घरात येतात. मण्यार अतिशय विषारी, कवड्या बिनविषारी. मण्यारीचा रंग तुकतुकीत काळा, पांढरे पट्टे बहुधा जोडीने, डोक्यापासून थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात.

हा उतारा वर्गात घेणाऱ्याने एक वाक्य तासिकेच्या सुरुवातीला आणि शेवटी सांगायलाच हवे : ही ओळख वाचनासाठी आहे, साप दिसला तर जवळ जाऊन पट्टे बघायचे नाहीत, आणि कोणताही साप चावला तरी थेट दवाखाना.

आधी एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळे काढून दिली होती. ती फसली. मुलांनी डाव्या वर्तुळात ‘विषारी’ लिहिले आणि उजव्यात ‘तपकिरी’. दोन्ही वाक्ये खरी, पण ती एकमेकांसमोर उभी राहत नाहीत. एकाचे विष आणि दुसऱ्याचा रंग यांची तुलना होत नाही. वर्तुळे ही चूक दाखवत नाहीत, उलट लपवतात.

तासिकेच्या मध्यातच वर्तुळे पुसून तीन रकान्यांचा तक्ता काढला. पहिला रकाना मुद्द्याचा : विष, रंग, पट्टे कुठून सुरू, पट्टे कुठे ठळक, केव्हा फिरतो. दुसरा मण्यारीचा, तिसरा कवड्याचा. आधी फक्त मुद्द्याचा रकाना भरायचा, तो तपासून घेतल्याशिवाय पेन्सिल पुढच्या रकान्यात जाणार नाही. आता रिकामी राहिलेली चौकट स्वतःच बोलते : एकाचा रंग लिहिला आणि दुसऱ्याचा नाही, तर पुन्हा उताऱ्यात शोधायला जावे लागते. ते शोधणे म्हणजेच वाचन.

१ ऑगस्ट

तुलनेच्या उताऱ्याचे दोन साचे असतात, हे सांगायचे राहिले होते. काही लेखक आधी एकाबद्दल सगळे सांगतात आणि मग दुसऱ्याबद्दल. काही मुद्दा घेऊन दोघांबद्दल एकेक वाक्य लिहितात. पहिल्या साच्याचा उतारा मुले ‘दोन वर्णने’ म्हणून सोडून देतात. सापांचाच मजकूर दोन्ही साच्यांत लिहून समोरासमोर दिला. तक्ता दोन्हींचा एकच निघतो, हे पाहिल्यावर पटते.

५ ऑगस्ट

कारण-परिणाम. उतारा सह्याद्री आणि पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन येतात, डोंगराला अडतात, वर चढतात, चढताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग होतात, कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. पलीकडे उतरणारी हवा तापते आणि कोरडी होत जाते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास.

आकडे मोठे असून डोक्यात बसत नव्हते. म्हणून दोरी वापरली : साडेपाच मीटरची एक, अर्ध्या मीटरची एक. लांब दोरी व्हरांड्यात टांगायला छत पुरले नाही, जमिनीवर ताणावी लागली. आपल्या गावाचा पाऊस कोणत्या दोरीजवळचा, हे मुलांना विचारावे लागले नाही.

बांधणी ओळखताना चार गटांनी ‘आधी काय, मग काय?’ हा प्रश्न निवडला. चूक समजण्यासारखी आहे. कारणांची साखळी घडतेही एकामागून एक.

८ ऑगस्ट

क्रम आणि कारण-परिणाम यांची फारकत, पूर्ण तासिका.

आधी ‘माणसाने केले तो क्रम, आपोआप घडले ते कारण’ अशी कसोटी सुचली होती. ती वापरायची नाही. रेशीमकिडा कात आपोआपच टाकतो, तरी तो उतारा क्रमाचाच आहे.

चालणारी कसोटी ही : प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारा आणि उत्तर अगदी मागच्या वाक्यात मिळते का पाहा. ‘हवा थंड का झाली?’ ‘वर चढली म्हणून.’ मिळाले. ‘ढग का झाले?’ ‘हवा थंड झाली म्हणून.’ मिळाले. आता रेशीम : ‘तिसऱ्यांदा कात का टाकली?’ ‘दुसऱ्यांदा टाकली म्हणून’ असे म्हणताच वर्ग हसला. उत्तर बसत नाही, हे कानालाच कळले. गुळाच्या उताऱ्यात काही ठिकाणी उत्तर मिळते (मळी वर का आली? भेंडीचे पाणी घातले म्हणून), पण साच्यात का भरला, चुलवाण का पेटवले, यांची उत्तरे मागच्या वाक्यात नाहीत. ओळीने तीन-चार वाक्यांना उत्तर मिळाले, तरच कारणाची साखळी मानायची.

आराखडाही वेगळा ठेवला. क्रमाला शिडी, एकाखाली एक पायऱ्या. कारणाला बाणांच्या चौकटी, आणि प्रत्येक बाणावर ‘म्हणून’ लिहायचे. बाणावरचा ‘म्हणून’ मोठ्याने वाचून वाक्य बरोबर लागले, तर बाण राहील, नाहीतर खोडायचा.

१२ ऑगस्ट

अडचण-उपाय. उतारा हिवरे बाजारचा. अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव कमी पावसाचे, विहिरी आटायच्या, माणसे कामासाठी गाव सोडून जायची. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरउतारावर समपातळी चर खणले, झाडतोड आणि मोकाट चराई बंद केली, शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत असे ठरवले. दर वर्षी पडलेल्या पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते गाव ठरवते.

दोन चौकटींचा आराखडा (अडचण, उपाय) अपुरा पडला. उताऱ्यात अडचणीची कारणेही आहेत आणि उपायांचे परिणामही, ती वाक्ये मुलांनी कुठेतरी कोंबली. चार चौकटी केल्या : अडचण, ती का आली, कोणी काय केले, मग काय झाले. अडचण-उपायाच्या पोटात कारण-परिणाम असतोच. वेगळेपण तिसऱ्या चौकटीत आहे. तिथे कोणाचे तरी नाव आणि एक क्रियापद यायला हवे. ती चौकट रिकामी राहिली, तर उतारा कारण-परिणामाचा.

एका गटाने ‘विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत’ हे वाक्य अडचणीत टाकले, कारण वाक्य नकारार्थी आहे. नकार म्हणजे अडचण, असा समज आणखी काही वह्यांत दिसला. न करणे हाही उपाय असतो, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

१९ ऑगस्ट

आतापर्यंतचे उतारे आम्ही लिहिलेले, प्रत्येकी एकाच बांधणीचे. खऱ्या पुस्तकात तसे नसते. आज परिसर अभ्यासाच्या पुस्तकातली दोन पाने. मुलांनी परिच्छेदागणिक समासात पेन्सिलने प्रश्नाचा क्रमांक टाकला. एकाच पानावर तीन क्रमांक आले आणि मुलांना वाटले चुकले. चुकलेले नव्हते. परिच्छेदाची बांधणी आणि सबंध पाठाची बांधणी वेगळी असू शकते. आधी परिच्छेदांचे क्रमांक टाकायचे, मग सगळे मिळून कोणत्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर देतात ते बघायचे.

वर्तमानपत्राची कात्रणेही आणली होती. ती या टप्प्यावर नकोत. बातमीत सगळ्यात महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर येतो, घडलेला क्रम मोडलेला असतो. ‘आधी काय, मग काय?’ विचारणारे मूल गोंधळते. सहावीत घ्यावे.

२२ ऑगस्ट

लेखन. विषय सर्वांना एकच : विहीर. प्रत्येक गटाला चिठ्ठीतून एक प्रश्न, दोन प्रश्न दोन-दोन गटांकडे गेले. सहा ते आठ वाक्ये, २० मिनिटे. प्रश्न कोणाला सांगायचा नाही. वाचून दाखवल्यावर बाकीच्यांनी तो ओळखायचा.

वर्णनाच्या गटाने कठडा, रहाट, पायऱ्या, पाण्याचा रंग लिहिला. क्रमाच्या गटाने विहीर कशी खणतात ते. तुलनेच्या गटाने विहीर आणि विंधनविहीर, तेही मुद्दे काढून. ‘असं का होतं?’ मिळालेल्या गटाने उन्हाळ्यात पाणी खाली का जाते ते लिहिले. या आठ आठवड्यांत सगळ्यात उपयोगी पडलेला सराव हाच. तोवर बरीच मुले विषयावरून बांधणी ठरवत होती : प्राणी म्हणजे वर्णन, गाव म्हणजे अडचण. एकाच विहिरीवर पाच तऱ्हेचे उतारे ऐकल्यावर तो समज सुटू लागला. हा सराव इतक्या उशिरा ठेवायला नको होता. पुढच्या खेपेला तिसऱ्या आठवड्यात, तोंडी का होईना, घ्यायचा.

२६ ऑगस्ट

शेवटची चाचणी. पाच नवे उतारे, विषय अनोळखी, लांबी सुरुवातीइतकीच, पण दोन उताऱ्यांत एकही सुटा खूणशब्द नाही, फक्त प्रत्यय. कामे तीच दोन.

‘कोणत्या प्रश्नाचं उत्तर?’ याला नुसता विषय लिहिणारी वही आता क्वचित. चार ओळींत पहिली दोन वाक्ये उतरवण्याची सवय कमी झाली, पण गेलेली नाही. तुलना आणि क्रम सगळ्यात पक्के. कारण-परिणाम आणि अडचण-उपाय यांत अजून सरमिसळ होते, विशेषतः उपाय करणाऱ्याचे नाव नसलेल्या, ‘चर खणले गेले’ अशा कर्मणी वाक्यांत. तिसऱ्या चौकटीत लिहायला नाव सापडत नाही म्हणून मुले ती रिकामी सोडतात. ‘खणले गेले, पण कोणाकडून?’ हा प्रश्न आराखड्यातच छापावा लागेल.

अडखळत वाचणाऱ्या मुलांना बांधणी तोंडी कळते, लिहिताना वेळ पुरत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या कामात लिहिण्याऐवजी आराखडा भरणे चालेल असे ठरवले.

सुट्टीनंतरचे काम : गुळाच्या आणि रेशमाच्या पट्ट्या फाटल्या आहेत, नवीन कापून चिकटपट्टीचे आवरण द्यायचे. प्रत्येक संचाच्या पट्टीमागे त्या गटाच्या रंगाचा ठिपका, म्हणजे गोळा करताना संच मिसळणार नाहीत. ठिपका मागेच हवा, आणि सातही संचांत एकाच जागी.